काजूच्या भट्टीवरचा चोथा खाण्यात आणताना: एका हंगामाचं पूर्ण प्रकरण

मार्च ते मे या दिवसांत दोडामार्ग, सत्तरी, डिचोली या पट्ट्यातल्या कुठल्याही काजूच्या भट्टीवर, म्हणजे काजूच्या बोंडांची (बीला लागून असलेल्या रसाळ फळांची) दारू काढतात तिथे जा, मागच्या बाजूला चोथ्याचा, रस काढल्यावर उरलेल्या गराचा, ढीग असणारच. सकाळी पिवळा-केशरी, दुपारी तपकिरी, संध्याकाळी काळपट आणि वर चिलटं घोंघावतायत. थोडा गुरांना जातो, थोडा माडांच्या आळ्यात, उरलेला तिथेच कुजतो आणि पहिल्या पावसाबरोबर व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरतो. अशाच एका भट्टीचं प्रकरण इथे सगळं लिहून काढतेय. भट्टी गोव्याच्या हद्दीत, बोंडं दोन्ही बाजूंची, आणि चोथा उचलणारा महिला बचत गट आमच्या सिंधुदुर्गाच्या बाजूचा. मी अन्नप्रक्रिया शिकलेय आणि गटातल्या बऱ्याच जणी ओळखीच्या, म्हणून त्यांनी मला बोलावलं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, त्यांना ते नकोय.

आधी वजनाचा हिशोब बघा. बोंडाचं वजन बीच्या साधारण आठ ते दहा पट असतं, म्हणजे बागायतदार एक किलो काजू बी विकतो तेव्हा आठ-दहा किलो फळ त्याच्या हातून गेलेलं असतं आणि त्याचा बहुतेक वेळा एक पैसाही मिळालेला नसतो. गोव्यात निदान फेणी होते. आमच्याकडे बरीचशी बोंडं झाडाखालीच सडतात, काही टेम्पोत भरून सीमेपलीकडच्या भट्ट्यांवर जातात. फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशाचं उत्पादन म्हणून कायदेशीर ओळख, मिळाली, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली, बाटल्या देखण्या झाल्या, मोठ्या शहरांतल्या बारमध्ये पोचल्या, चांगलंच झालं. पण भट्टीच्या मागचा ढीग होता तिथेच राहिला, आणि त्या ढिगात जे जातं ते खरं म्हणजे फळच आहे, हे मला कायम खुपत आलंय.

आता भट्टीचा कचरा असं आपण एका दमात म्हणतो पण तो दोन जागी, दोन जातींचा निघतो, आणि हे दोन वेगळे धरले नाहीत तर पुढचं सगळं बिघडतं. झाडावरून पिकून आपोआप पडलेली बोंडं गोळा करतात, बी पिळून काढतात, मग बोंडं दगडी कुंडीत पायाने तुडवायची, गर गोळा करून त्याचा ढिगारा रचायचा, वर दगडाचं वजन ठेवायचं, की निथळून येतो तो निरो. निथळल्यावर मागे राहतो तो चोथा, हा कचरा नंबर एक. इथपर्यंत काहीही आंबवलेलं नाही, दारूचा थेंब नाही. पुढे रस आपोआप आंबतो, बाहेरून यीस्ट घालत नाहीत, साधारण तीन दिवसांनी तो भांड्यात चढतो, पहिल्या धारेला हुर्राक, अल्कोहोल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास, आणि हुर्राक परत रसात मिसळून दुसऱ्यांदा काढली की फेणी, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं ती. या दोन्ही वेळी भांड्याच्या तळाला जे तपकिरी, आंबट, गरम पाणी उरतं तो कचरा नंबर दोन.

नंबर दोनचं पाणी खाण्यात आणायचा विचार आम्ही पहिल्याच बैठकीत सोडला. भट्टीवाल्या भाऊंकडे भांडं तांब्याचं आहे, आणि आंबट पाणी तांब्यात तासन् तास उकळलं की तांबं पाण्यात उतरतं. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीच्या तांब्याच्या भांड्यांत उरलेलं पाणी गुरांना देतात पण मेंढ्यांना देताना फार जपतात, कारण मेंढीला जास्तीचं तांबं सोसत नाही, यकृतात साठून ती दगावते. आमच्याकडेही कोणी बकऱ्यांना हे पाणी पाजायच्या भानगडीत पडू नये. भाऊंनी कुंपणाजवळ खड्डा काढला, त्यात पालापाचोळा, शेण, थोडा चुना आणि थंड झालेलं हे पाणी, त्याचं खत होतं. व्हाळात सोडणं बंद झालं एवढंच सध्या खूप आहे, कारण असं पाणी व्हाळात गेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं आणि मासे वर येऊन मरतात.

इथे कोणी जपानचं उदाहरण देईल म्हणून सांगते. ओकिनावात आवामोरी नावाची तांदळाची दारू काढतात, तिच्या भांड्यात उरलेला गाळ गाळून त्याचं आंबट पेय करून विकतात, चांगला धंदा आहे. पण तिथे तांदळावर जी काळी बुरशी वाढवतात ती सायट्रिक ॲसिड तयार करते, म्हणजे लिंबात असतं तेच, शिवाय बुरशी आणि यीस्टमुळे अमिनो ॲसिडं भरपूर, त्यामुळे उरलेलंच मुळात पिण्यासारखं असतं. आमच्या भांड्यात उरतं ते टॅनिनने कडू-तुरट पाणी. त्यांची युक्ती उचलून इथे चिकटवण्यात अर्थ नाही, आमचा माल नंबर एक, चोथा.

चोथ्यात काय आहे? बोंडाचं नाव निघालं की सगळे व्हिटॅमिन सी वर येतात आणि ते खरंच आहे, शंभर ग्रॅम बोंडात २०० मिलिग्रॅमच्या वर सापडतं, संत्र्याच्या चार-पाच पट. पण व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, म्हणजे त्यातलं बरंचसं निरोबरोबर निघून गेलं, आणि जे राहिलं ते हवेने आणि वाळवण्याच्या उष्णतेने अजून कमी होतं. म्हणून सुकवलेल्या चोथ्याच्या पाकिटावर व्हिटॅमिन सी चा गाजावाजा करणं खोटं ठरेल, हे मी गटाला सुरुवातीलाच सांगून टाकलं. चोथ्यात मागे राहतं ते दुसरं: एक तर तंतू, भरपूर, दुसरं कॅरोटिनॉइड, म्हणजे तो पिवळा-केशरी रंग, जो पाण्यात विरघळत नाही म्हणून रसाबरोबर जात नाही, आणि तिसरं पॉलिफेनॉल, म्हणजे झाडपाल्यातली अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखली जाणारी द्रव्यं, क्वेरसेटिन आणि मायरिसेटिनच्या जातीतली, त्यातली बरीचशी सालीजवळ आणि तंतूंना चिकटून बसलेली. लाल बोंडाच्या सालीत अँथोसायनिनही असतं, जांभळाला रंग देणाऱ्या गटातलं. तर अँटिऑक्सिडंट म्हणायचंच असेल तर या चोथ्याचं भांडवल रंग आणि साल आहे.

गटातल्या सगळ्यात मोठ्या काकी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "गुरांका घालतत ता माणसां खातली?" प्रश्न बरोबरच होता. कारण त्यांनी बघितलेला चोथा म्हणजे संध्याकाळचा चोथा. मी म्हटलं काकी, सकाळी वजन उतरल्या उतरल्या बघायचा. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, ढिगाऱ्यावरचा दगड काढल्याबरोबर मूठभर चोथा हातात घेतला, वास घेतला, तोंडात टाकला, जरा वेळ चावला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, खवखवता, पण वायट नाय. तिथून काम सुरू झालं.

या प्रकरणाचा जीव इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर. चोथा कचरा होतो तो वेळेमुळे. तुडवल्यावर फळाच्या पेशी फुटतात, आतलं एन्झाइम पॉलिफेनॉलला भेटतं, हवा लागते आणि ते तपकिरी पडायला लागतं, सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तेच. तपकिरी पडणं म्हणजे ज्याच्यासाठी आपण हा सगळा खटाटोप करतोय तीच पॉलिफेनॉल खर्च होणं. त्याच वेळी उरलेल्या साखरेवर रानटी यीस्ट कामाला लागतं, एप्रिलच्या उकाड्यात त्याला काय, दुपारपर्यंत ढीग हाताला गरम लागतो आणि आंबल्याचा वास येतो, रात्रभर राहिला तर त्यात अल्कोहोल आणि व्हिनेगर दोन्ही. तेव्हा आम्ही पहिला नियम केला की वजन उतरल्यापासून मिठाच्या गरम पाण्यात (ते कशाला, पुढे सांगते) जाईपर्यंत दोन तासांच्या वर जायचं नाही, आणि त्यापुढचा चोथा मुकाट्याने खताच्या खड्ड्यात, कितीही चांगला दिसो. प्रयोगशाळेत जो अँटिऑक्सिडंटचा आकडा मोजतात तो भट्टीवर या दोन तासांतच ठरून गेलेला असतो, मशीन कितीही महागडं आणा, उशिरा आलेल्या चोथ्यात ते काही परत भरू शकत नाही.

दुसरं, चोथा खायचा तर तुडवणंही खाण्यासारखं व्हायला हवं. पायाने तुडवण्याला माझा विरोध नाही, परंपरा आहे आणि रस पुढे आंबून उकळला जातो. पण चोथा माणसाच्या तोंडात जायचा तर धुतलेली बोंडं, गळकी-किडकी बाजूला काढलेली, आणि स्टीलचा हाताने फिरवायचा प्रेस. स्टीलच का, तर टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळंनिळं पडतं, लोखंडी विळीवर बोंड चिरून बघा, लगेच कळेल. भाऊ सुरुवातीला नाराज होते, त्यांच्या मते प्रेसचा निरो पायाच्या निरोसारखा नाही. मग ठरलं की सकाळची पहिली खेप प्रेसवर, ती गटासाठी, बाकी दिवसभर त्यांची नेहमीची पद्धत.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बोलतात म्हणून मुद्दाम लिहिते: बी काढताना ती ठेचली जाता कामा नये. काजू बीच्या कठीण टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, काजू सोलणाऱ्या बायकांचे हात बघितलेत तर माहीत असेल. एखादी फुटकी बी प्रेसमध्ये गेली तर ते तेल चोथ्यात उतरणार आणि खाणाऱ्याच्या ओठाला फोड येणार. म्हणून बी पिळून काढल्यावर बोंडाचा बीकडचा टोकाचा भाग चाकूने चकतीसारखा उडवून टाकायचा, थोडं फळ वाया जातं, जाऊ दे. हे काम गटातल्या दोघीच करतात आणि त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही बोंड पुढे सरकत नाही.

आता ती खवखव. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून तोंड कोरडं पडून घसा धरल्यासारखा होतो. रसातून टॅनिन काढायची पद्धत सोपी आहे, केरळ कृषी विद्यापीठाच्या मडक्कत्तरा केंद्राने काजूबोंडाच्या पदार्थांवर भरपूर काम केलंय, तिथली साबुदाण्याची पद्धत अशी, लिटरमागे साधारण पाच ग्रॅम साबुदाण्याच्या पिठाची खळ करून रसात ढवळायची, रात्रभर ठेवली की टॅनिन तळाला बसतं. पण चोथ्यात खळ ढवळून काय बसणार? तिथे एकच उपाय, मिठाच्या गरम पाण्यात बुडवून काढणं. त्याने एन्झाइम मरतं, जंतू कमी होतात, खवखव उतरते, हे तीन फायदे. तोटा असा की ती खवखव ज्याची आहे ते टॅनिनसुद्धा पॉलिफेनॉलच आहे, म्हणजे जेवढा चोथा धुवाल तेवढा गोडवट होईल आणि तेवढाच अँटिऑक्सिडंट पाण्याबरोबर वाहून जाईल. दोन्ही एकदम मिळत नाही.

गटात यावर बरीच चर्चा झाली. काही जणींचं म्हणणं दोन-तीनदा धुवू, मुलं खातील असं करू. माझं म्हणणं होतं की इतकं धुतल्यावर उरतो तो नुसता कोंडा, आणि नुसता कोंडा विकायचा तर गव्हाचा काय वाईट आहे. शेवटी एकदाच, थोडा वेळ बुडवायचं ठरलं आणि राहिलेली खवखव पदार्थात जिरवायची. कोकणातल्या बायकांना आंबट, तुरट, घसा धरणारं कसं जिरवायचं हे कोणी शिकवायला नको. सुरण शिजवताना त्या चिंच किंवा कोकम घालतातच.

वाळवण उघड्या उन्हात केलं नाही. ऊन फुकट आहे पण कॅरोटिनॉइडला थेट उजेड मानवत नाही, रंग उडतो, शिवाय धूळ आणि मुंग्या. काळ्या जाळीखालचा सोलर ड्रायर, आत साधारण ६० अंश, चोथा पातळ पसरायचा, मधे एकदा उलटायचा, बोटात धरला की कडकन मोडला पाहिजे. शंभर किलो बोंडांमागे ओला चोथा पंचवीस-तीस किलोच्या आसपास आणि त्याची सुकी पावडर सहा-आठ किलो, इतकं आटतं. पावडर लगेच जाड फॉइलच्या पाकिटात भरायची, कारण तिच्यात थोडी साखर असते आणि जूनची हवा लागली की दगड होतो. आमच्याकडचा सगळा खाद्यधंदा शेवटी पावसाळ्याशी झुंजतो, हा पण त्याला अपवाद नाही.

पदार्थांपैकी सगळ्यात आधी जमली ती सुकी चटणी, लसूण, सुकं खोबरं, लाल मिरची, थोडं कोकम आणि चोथ्याची पावडर. ही चवीलाच चांगली आहे असं नाही, तिच्यामागे कारणही आहे, कॅरोटिनॉइड तेलात विरघळतं, त्यामुळे खोबऱ्याबरोबर पोटात गेलं तर अंगी लागायची शक्यता जास्त. खोबरं आणि तिखटाने खवखवही झाकली जाते. नाचणीच्या बिस्किटात पिठाच्या दहा टक्क्यांपर्यंत पावडर छान लागते, रंग येतो, त्यापुढे गेलात की बिस्किट भुसभुशीत होतं आणि घशाला कळतं. पोळी, म्हणजे आंबापोळीसारखी, चोथा बारीक वाटून थोड्या आंब्याच्या रसात मिसळून थर देऊन वाळवली, ती मुलांनी उचलली.

आणि एक ओलाच वापरायचा प्रकार. काजूचं झाड मुळात ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणलं, आणि तिकडच्या ईशान्य भागात लोक पिळलेल्या बोंडाच्या तंतूंना मटणासारखं मसाल्यात परतून खातात. ते ऐकल्यावर काकींनी चोथा मिठाच्या पाण्यातून काढला, घट्ट पिळला, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मालवणी मसाला घालून परतला आणि वड्यांसारखे चपटे कटलेट तळले. तंतू दाताखाली खरंच मटणासारखे येतात. हे विकायला ठेवलं नाही, ताजंच खावं लागतं, पण भट्टीवरच्या कामगारांचं दुपारचं जेवण त्या दिवसांत बदललं. भाऊ स्वतः मागून खातात.

लेबलवर काय लिहायचं यावर सगळ्यात जास्त डोकं लागलं. एका ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं की अँटिऑक्सिडंट रिच असं मोठ्या अक्षरात टाका, शहरात खपेल. पावडर तपासून घेतली, जांभळ्या द्रावणाचा रंग उडून पिवळं पडतं ती चाचणी, आणि दोन तासांच्या आत बुडवलेल्या चोथ्याने रंग चांगला उडवला, संध्याकाळच्याने खूपच कमी. पण ही चाचणी काचेच्या नळीतली, माणसाच्या शरीरात तेवढाच परिणाम होतो असं त्यातून सिद्ध होत नाही. एफएसएसएआय, म्हणजे देशाची अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था, तिचे २०१८ चे दाव्यांचे नियम सांगतात की पाकिटावरचा दावा खरा, स्पष्ट आणि पुराव्याने धरलेला असावा. तंतूंचं मात्र मोजमाप स्वच्छ आहे, शंभर ग्रॅममध्ये तीन ग्रॅम असतील तर स्रोत म्हणता येतं, सहा असतील तर भरपूर म्हणता येतं, आणि पावडर ती रेषा आरामात ओलांडते. म्हणून पाकिटावर तंतूंचा दावा आणि खाली साध्या अक्षरात काजूच्या बोंडाचा पिळलेला गर असं लिहिलं. मधुमेह, कॅन्सर, इम्युनिटी यातलं एक अक्षर टाकू दिलं नाही, आणि याबद्दल मी अडून बसले होते. आजारी माणूस अशी ओळ वाचून गोळी सोडू शकतो.

दारूचा प्रश्न तर येणारच होता. बाजारात पहिल्याच दिवशी एका ताईंनी पाकीट हातात घेतलं, भट्टीवरचं आहे कळल्यावर खाली ठेवलं आणि विचारलं, यात दारू आहे का? गटातल्या मुलीने न घाबरता सगळं सांगितलं, रस पिळल्यावर लगेच काढतो, आंबवायच्या आधी, दारू रसाची होते चोथ्याची नाही. ताईंनी दोन पाकिटं घेतली. पण सगळ्यांना सांगत कोण बसणार, आणि काही घरांत भट्टी हा शब्दच चालत नाही, बाईने आयुष्यभर दारूपायी सोसलेलं असतं, तिच्या त्या भावनेचा मान ठेवायलाच हवा. म्हणून आता चोथ्याची खेप भट्टीच्या आवारात न हाताळता शेजारच्या शेडमध्ये वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या नोंदवहीत हाताळतात. आंबलेला माल तिकडे जाणारच नाही याची ही सोय आहे, आणि अबकारीवाले आले तर त्यांनाही दाखवता येतं.

आता अडलंय ते भावावर. पहिल्या हंगामात चोथा फुकट होता, उलट घाण उचलली म्हणून भाऊ खूष. चटणी खपतेय म्हटल्यावर त्यांनी किलोला दर मागितला, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नाही, प्रेसवर रस थोडा कमी निघतो, सकाळची खेप त्यांना हळू करावी लागते. गटाचं म्हणणं, आम्ही धुतो, बी काढतो, टोकं उडवतो, ही मजुरी कोण देणार. आणि या दोघांच्या मधे बोंडं वेचणाऱ्या बायका आहेत, भर उन्हात वाकून टोपल्या भरणाऱ्या, त्यांना टोपलीमागे मिळतं ते अजून तेच. माझं मत मी बैठकीत मांडलं की दर वाढणार असेल तर आधी टोपलीचा वाढला पाहिजे, कारण त्याच दिवशी वेचलेलं, न ठेचलेलं, धुण्याजोगं बोंड हे त्यांच्याच हातात असतं आणि ते तसं आलं नाही तर दोन तासांचा नियम कागदावर राहतो.

तूर्त तडजोड अशी झाली की सकाळच्या खेपेची बोंडं गट स्वतः विकत घेणार, त्याच दिवशी वेचलेल्यांना टोपलीमागे जास्त दर, निरो भाऊंचा आणि चोथा गटाचा, प्रेस गटाचा पण जागा भाऊंची. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात, १९५७ पासून काजूवर काम चाललंय तिथे, जाऊन विचारायचंय की आमच्या भागातल्या कुठल्या जातीच्या बोंडाला तंतू आणि रंग जास्त आणि खवखव कमी. ते कळलं की फेब्रुवारीत बागांशी आधीच बोलून ठेवता येईल.